रडणं थांबलं, दुखणं थांबलं का?

माझ्या सायनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं : 'कंट्रोल गटातील बाळांना नेहमीची काळजी दिली जाईल.' हे वाक्य मी एका जुन्या प्रबंधातून जवळजवळ जसंच्या तसं उचललं होतं. (सगळे उचलतात. म्हणूनच त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही.) चर्चेच्या वेळी एनआयसीयूमधल्या एक ज्येष्ठ सिस्टर भलत्याच कामासाठी त्या खोलीत आल्या होत्या. त्यांनी पडद्यावरची स्लाइड वाचली आणि विचारलं, "नेहमीची काळजी म्हणजे काय देणार मॅडम?" मी म्हटलं, "म्हणजे, रोज जे करतात ते." त्या म्हणाल्या, "रोज आम्ही काहीच देत नाही. पाय घट्ट धरतो आणि टोचतो."

खोलीत कुणी काही बोललं नाही. मीही नाही. पण त्या दिवसापासून नवजात बाळांच्या वेदनेवरचे पेपर मी वेगळ्या नजरेने वाचायला लागले. त्यातल्या एका पेपरबद्दल आज लिहितेय. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला, रिबेका स्लेटर आणि सहकाऱ्यांचा. (बाळाच्या टाचेला टोचायच्या छोट्या पात्यालाही लॅन्सेटच म्हणतात. योगायोग.) पहिल्या वाचनात हा पेपर मला शंभर टक्के पटला होता. आता तेवढा पटत नाही, पण तुम्ही तो वाचलाच पाहिजे असं मात्र आता जास्त वाटतं.

आधी विषय. नवजात बाळाच्या टाचेला टोचून रक्त घ्यायचं असेल, तर दोन मिनिटं आधी त्याच्या जिभेवर साखरेच्या पाण्याचे काही थेंब सोडायचे. २४ टक्के सुक्रोज, साधारण अर्धा मिली. सुक्रोज म्हणजे आपली डब्यातली साखरच. मग टोचलं की बाळ कमी रडतं, तोंड कमी वेडंवाकडं करतं. यात आपल्याला नवल वाटायला नको. बाराव्या दिवशी कान टोचताना सोनार तार हातात घेतो, तेव्हा आजी बोटाला साखर लावून तयारच असते. (ती मध लावत असेल तर थांबवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, बॉट्युलिझमचा धोका असतो.) आजीचा अनुभव आणि जगभरच्या नवजात विभागांचे प्रोटोकॉल इथे एका ओळीत येतात, ही गंमत मला सुरुवातीला फार आवडायची.

स्लेटरबाईंनी विचारलेला प्रश्न आजीने कधी विचारला नव्हता. बाळ शांत झालं हे दिसतंय. पण त्याचं दुखणं कमी झालं का?

हा प्रश्न किती जड आहे हे कळायला थोडं मागे जावं लागेल. १९४१ मध्ये मर्टल मॅकग्रॉ यांनी ७५ मुलांना टाचणी टोचून त्यांच्या प्रतिक्रिया नोंदवल्या. अगदी नवजात बाळांची प्रतिक्रिया त्यांना क्षीण वाटली आणि मेंदूचा वरचा थर अजून कामाला लागला नसावा असा अर्थ त्यांनी लावला. मोठ्या मेंदूचा भाग तयार नाही, म्हणजे जाणीव नाही, म्हणजे वेदना नाही, अशी साखळी पुढे पक्की होत गेली. १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजात बाळांवर मोठ्या शस्त्रक्रिया पुरेशी भूल न देता होत होत्या. स्नायू सैल पाडणारं औषध मात्र द्यायचे, म्हणजे बाळ हलणार नाही. अमेरिकेत जिल लॉसन नावाच्या आईला आपल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाबाबत हेच घडल्याचं ते गेल्यानंतर कळलं. तिने पत्रं लिहून, वर्तमानपत्रांत जाऊन हा विषय लोकांपुढे आणला.

साधारण त्याच काळात ऑक्सफर्डमध्ये एक डॉक्टरेटचा विद्यार्थी याच प्रश्नावर काम करत होता. कन्वलजीत सिंग आनंद. इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस करून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर गेलेला. त्याचं १९८७ चं ट्रायल फक्त १६ बाळांचं आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची हृदयाजवळची एक रक्तवाहिनी बांधायची शस्त्रक्रिया. आठ जणांना त्या वेळची रीत, म्हणजे नायट्रस ऑक्साइड आणि स्नायू सैल करणारं औषध. उरलेल्या आठ जणांना तेच, शिवाय फेंटानिल. आता विचार करा, त्याने मोजायचं काय? बाळाचे स्नायू औषधाने सैल पडलेले. ते रडू शकत नाही, कपाळाला आठी घालू शकत नाही. चेहरा ही मोजपट्टी त्याच्यापुढे बंदच होती. म्हणून त्याने रक्त मोजलं : ॲड्रिनलिन, ग्लुकागॉन, ग्लुकोज, लॅक्टेट वगैरे. फेंटानिल नसलेल्या बाळांच्या शरीरात ताणाच्या या खुणा कितीतरी जास्त उसळल्या आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही त्यांच्यात जास्त होती. त्याच वर्षी आनंद आणि हिकी यांचा मोठा आढावा 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आला आणि 'बाळाला दुखत नाही' हे म्हणणं अवघड होऊन बसलं.

पीएचडी करणाऱ्या माणसाला ही गोष्ट ऐकून हुरूप येतो, मलाही आला होता. सिस्टरांच्या प्रश्नानंतर मात्र मी ती परत वाचली आणि एका ठिकाणी थबकले. आनंदच्या ट्रायलमधला कंट्रोल गटसुद्धा 'नेहमीची काळजी' गटच होता. रीत तशी होती म्हणून त्या आठ बाळांना फेंटानिल मिळालं नाही. १९८७ मध्ये याचं समर्थन करता येतं, कारण उत्तर खरंच माहीत नव्हतं. हे 'खरंच माहीत नव्हतं' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शस्त्रक्रियेचा प्रश्न मार्गी लागला तशी नजर रोजच्या टोचाटोचीकडे वळली. ती किती असते याचा अंदाज यावा म्हणून पॅरिस परिसरातल्या अतिदक्षता विभागांचा एक अभ्यास सांगते. रिकार्डो कार्बाजाल आणि सहकारी, 'जामा', २००८. ४३० बाळं, पहिले १४ दिवस. एका बाळामागे वेदनादायक प्रक्रियांचा मध्यक दिवसाला १०. आणि अशा प्रक्रियांपैकी ७९.२ टक्के कोणत्याही विशिष्ट वेदनाशामक उपायाशिवाय झाल्या. ही फ्रान्समधली गोष्ट आहे. आमच्या सिस्टर काही वेगळं सांगत नव्हत्या.

दिवसाला दहा वेळा मॉर्फिन देता येत नाही. साखरेचं पाणी देता येतं. स्वस्त, सोपं, झटपट. त्यामुळे त्याच्यावर ट्रायल्सचा पाऊस पडला, आणि या ट्रायल्सना लागली मोजपट्टी. बाळ बोलत नाही, 'दहापैकी किती दुखतंय' विचारता येत नाही. म्हणून १९९६ मध्ये बॉनी स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी 'प्रीमॅच्युअर इन्फंट पेन प्रोफाइल' तयार केलं, ज्याला सगळे पीआयपीपी म्हणतात. त्यात सात गोष्टी पाहतात : गर्भाचं वय, बाळ झोपलंय की जागं, हृदयाचे ठोके, रक्तातला ऑक्सिजन, कपाळावरची आठी, घट्ट मिटलेले डोळे, आणि नाकापासून ओठाकडे जाणारी घडी. प्रत्येकाला ० ते ३ गुण.

इथे थांबून बेरीज करा. सातपैकी शेवटच्या तीन गोष्टी चेहऱ्याच्या आहेत. २१ पैकी ९ गुण. पूर्ण दिवसांचं बाळ असेल तर गर्भाच्या वयाचे गुण शून्य धरतात, म्हणजे जास्तीत जास्त गुण १८, आणि त्यातले ९ चेहऱ्याचे. निम्मे. आता तुमच्या हातात असा पदार्थ आहे जो जिभेवर पडताच बाळ चाटायला, चोखायला लागतं. उपाय तोंडात आणि मोजणी चेहऱ्यावर. गुण कमी झाले तर ते कशामुळे, हे तुम्ही कसं सांगणार?

स्लेटरबाईंच्या पेपरचं मोठेपण इथे आहे. त्यांनी लंडनमधल्या ५९ पूर्ण दिवसांच्या बाळांची निवड यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत केली. सुक्रोज किंवा निर्जंतुक पाणी, कोणाला काय मिळालं हे मोजणाऱ्यांना माहीत नाही. टाचेला टोचणं वैद्यकीय कारणासाठी होणारच होतं, अभ्यासासाठी मुद्दाम टोचलं नाही. डोक्यावर ईईजीचे इलेक्ट्रोड लावले, टोचण्याचा क्षण अचूक नोंदवला, आणि त्यानंतर अर्ध्या-पाऊण सेकंदात मेंदूत उमटणारी, टोचण्याशी जोडलेली लहर मोजली. पाय मागे घेण्याची मज्जारज्जूतली प्रतिक्षिप्त क्रियाही मोजली. आणि सोबत पीआयपीपी.

निकाल असा. पीआयपीपीची सरासरी सुक्रोज गटात ५.८, पाण्याच्या गटात ८.५. फरक नेहमीसारखाच, सुक्रोजच्या बाजूने. २० पैकी ७ सुक्रोजवाल्या बाळांचा चेहरा टोचल्यावर अजिबात बदलला नाही, पाण्याच्या गटातल्या २४ पैकी एकाचाही असा राहिला नाही. पण मेंदूतल्या लहरीची सरासरी सुक्रोज गटात ०.१०, पाण्याच्या गटात ०.०८. पी व्हॅल्यू ०.४६. पाय मागे घेण्याच्या क्रियेतही लक्षणीय फरक नाही. लेखकांचा निष्कर्ष : सुक्रोजने गुण कमी होतात याचा अर्थ वेदना कमी होतात असा लावू नये, आणि सुक्रोज हे परिणामकारक वेदनाशामक नसावं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला धक्का बसला. सात बाळं टोचल्यावर चेहऱ्याची सुरकुतीही न हलवता पडून आहेत आणि टोचल्याची वर्दी मेंदूपर्यंत नेहमीसारखीच पोचते आहे. आनंदच्या बाळांचा चेहरा औषधाने बंद झाला होता. इथे तोच साखरेने बंद झाला असेल तर?

पण आपण संशोधन करायला निघालोय, त्यामुळे धक्क्यावर थांबायचं नाही. पेपरच्या टेबलकडे परत जाऊ.

५९ बाळं घेतली, विश्लेषणात आली ४४. चौथा हिस्सा वाटेत गळाला. ईईजीच्या कामात नोंदी खराब होतात, हे मान्य. तरी यादृच्छिक वाटणीचा सगळा फायदा सगळ्यांना शेवटपर्यंत मोजण्यावर अवलंबून असतो. कुठल्याही पेपरमध्ये सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा शेजारी लिहायची सवय लावून घ्या. मी वहीच्या समासात लिहिते.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ०.४६ ही पी व्हॅल्यू 'फरक नाही' असं सांगत नाही. ती सांगते की एवढ्या बाळांत फरक दाखवता आला नाही. दोन गटांचे ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल दिलेत : सुक्रोज ०.०४ ते ०.१६, पाणी ०.०४ ते ०.१२. यावरून दोन सरासऱ्यांमधल्या फरकाचा ढोबळ हिशोब तुम्हीही करू शकता. मी केला तेव्हा साधारण उणे ०.०५ ते अधिक ०.०९ आलं. (आकडे दोन दशांशांपर्यंत पूर्ण केलेले आहेत, म्हणून ढोबळच समजा.) पाण्याच्या गटाची सरासरी ०.०८ आहे. म्हणजे सुक्रोजने मेंदूतली लहर निम्म्याहून जास्त घटवली असेल, ही शक्यता या माहितीने नाकारली जात नाही. वाढवली असेल, हीसुद्धा नाही. एवढा रुंद दरवाजा उघडा असताना 'वेदनाशामक नसावं' इतपत म्हणणं, तेही 'नसावं' या शब्दाच्या आडोशाने, एक वेळ चालेल. पण पुढे हा पेपर उद्धृत करणाऱ्या अनेकांनी तो 'नसावं' काढून टाकला. मीही माझ्या मसुद्यात काढला होता.

तिसरी गोष्ट मेंदूबद्दल. पेपरमध्ये ईईजी आलं की आपण वाचक जरा नरमतो. चेहरा म्हणजे वरवरचं, मेंदू म्हणजे खरं, असं वाटतं. पण वेदना म्हणजे टोचल्याची वर्दी मेंदूत पोचणं एवढंच नसतं. त्या वर्दीचा त्रास होणं हाही तिचा भाग आहे. मॉर्फिन घेतलेली मोठी माणसं कधी कधी सांगतात की दुखतंय हे कळतंय, पण त्याचं काही वाटत नाही. टाळूवरच्या इलेक्ट्रोडवर टिपलेली ती एक लहर वर्दीबद्दल बरंच सांगते, त्रासाबद्दल किती सांगते हा प्रश्न खुला आहे. २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने (स्लेटर त्यातही आहेत) एमआरआयमध्ये दहा नवजात बाळांच्या तळपायाला हलकं टोचून पाहिलं. मोठ्या माणसांत सक्रिय होणाऱ्या २० भागांपैकी १८ भाग बाळांतही सक्रिय झाले. वेदनेची जागा एक नाही. मग एका लहरीत फरक दिसला नाही यावरून संपूर्ण अनुभवाबद्दल किती बोलायचं?

म्हणजे स्लेटरबाईंनी पीआयपीपीवर घेतलेला आक्षेप त्यांच्या स्वतःच्या मोजपट्टीवरही घेता येतो. दोन्ही प्रतिनिधी मापं आहेत. एक चेहऱ्याच्या जवळचं, एक चेतातंतूंच्या जवळचं. बाळाच्या जवळचं कोणतं, हे ठरवणारं तिसरं माप अजून आपल्याकडे नाही. पाय मागे घेण्याची क्रियासुद्धा बदलली नाही, हा मात्र लेखकांच्या बाजूचा चांगला पुरावा आहे. टीका करताना अशा गोष्टी गाळायचा मोह होतो. मलाही झाला.

आता दुसऱ्या बाजूचंही ऑडिट करू, नाहीतर एकतर्फी होईल. सुक्रोजच्या बाजूने नेहमी दाखवला जातो तो २०१६ चा कॉक्रेन आढावा. ७४ अभ्यास, ७०४९ बाळं. आकडा ऐकूनच माणूस गप्प बसतो. पण आत जा. टाचेला टोचल्यानंतर ३० सेकंदांनी पीआयपीपीत किती फरक, या अगदी मूळ प्रश्नाच्या उच्च दर्जाच्या उत्तरासाठी एकत्र करता आले ते फक्त ३ अभ्यास, २७८ बाळं. फरक सुमारे १.७ गुणांचा. बाकीच्यांनी मात्रा वेगळी वापरली, वेळ वेगळी, मोजपट्टी वेगळी. ७४ वेळा बाळांना टोचून आपण एकमेकांशी जुळणारे आकडे गोळा करू शकलो नाही. आढाव्याच्या पहिल्या लेखिका स्टीव्हन्सच आहेत, पीआयपीपीवाल्या. हा आरोप नाही, एवढ्याशा क्षेत्रात असं होणारच. तरी मोजपट्टी बनवणारा आणि त्या मोजपट्टीवरच्या निकालांचा हिशोब मांडणारा एकच असेल, तर ते वाचकाने टिपून ठेवावं.

आणखी एक पेपर लोक भीती घालायला वापरतात. सेलेस्ट जॉन्स्टन आणि सहकारी, २००२. ३१ आठवड्यांच्या आतली १०७ बाळं, पहिल्या आठवड्यात प्रत्येक प्रक्रियेला सुक्रोज किंवा पाणी. दोन गटांच्या विकासात फरक नाही. पण सुक्रोज गटाच्या आत, ज्यांना जास्त मात्रा मिळाल्या त्यांचे हालचालींचे आणि सावधपणाचे गुण कमी. कुणाला जास्त मात्रा मिळाल्या? ज्यांना जास्त वेळा टोचलं त्यांना. कुणाला जास्त वेळा टोचलं? जी जास्त आजारी होती त्यांना. गटाच्या आतला संबंध म्हणजे यादृच्छिक पुरावा नव्हे, ट्रायलच्या छपराखाली राहत असला तरी. शंका म्हणून तो पुरेसा गंभीर आहे, निकाल म्हणून नाही.

मग साखर सोडून खरं वेदनाशामक का देऊ नये? हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो स्लेटरबाईंच्या गटालाही आला होता. 'पॉपी' नावाच्या ट्रायलमध्ये त्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना डोळ्यांच्या तपासणीआधी तोंडावाटे मॉर्फिन देऊन पाहिलं. १५६ बाळं घ्यायची होती. ३१ झाल्यावर थांबवावं लागलं, कारण मॉर्फिन मिळालेल्या बाळांचा श्वास मंदावत होता, थांबत होता. आणि वेदनेच्या गुणांत फायदाही दिसला नाही. हा निकाल २०१८ मध्ये छापून आला. असा निकाल न लपवता छापणं, तोही आपल्याच कल्पनेविरुद्धचा, यासाठी मला त्या गटाबद्दल आदर आहे. २०१० च्या पेपरशी माझं भांडण असलं तरी.

आता परत त्या वाक्याकडे, 'नेहमीची काळजी'.

२०१७ मध्ये 'पेडियाट्रिक्स'मध्ये डेनिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी गोड द्रावणांवरचे १६८ अभ्यास गोळा केले आणि ते काळाच्या क्रमाने एकावर एक रचले. प्रत्येक नव्या ट्रायलनंतर एकूण उत्तर किती बदलतं ते पाहिलं. रडणं आणि गुण कमी होतात हे उत्तर २००२ च्या सुमारासच स्थिर झालं होतं. त्यानंतरही वर्षानुवर्षं ट्रायल्स होत राहिल्या, आणि त्यांतल्या कित्येकांत एका गटाला पाणी किंवा काहीच नाही. १९८७ मध्ये आनंदला उत्तर माहीत नव्हतं. २००२ नंतरच्या कंट्रोल गटातल्या बाळांना जे टोचलं गेलं, ते कशासाठी? फार तर कुणाच्या तरी प्रबंधासाठी.

इथे एक चतुर उत्तर सुचतं, मला सुचलं होतं. स्लेटर म्हणतात सुक्रोज वेदनाशामक नसावं, म्हणजे उत्तर अजून अनिश्चित आहे, म्हणजे काहीच न देणारा गट नैतिक आहे. गाईडसमोर हे मी बोलूनही दाखवलं. ऐकायला ते अभ्यासू वाटतं. पण नीट पाहा. स्लेटरच्या पेपरने जी अनिश्चितता दाखवली ती 'सुक्रोज आतपर्यंत पोचतं का' याची आहे. 'काहीच न करणं तितकंच चांगलं आहे का' याबद्दल कुणालाही अनिश्चितता नाही. आणि साखरेवर भरवसा नसेल, तर त्यातून निघतं ते एवढंच की आणखी काहीतरी द्या. काहीच देऊ नका, हे त्यातून निघत नाही.

म्हणून मी स्तनपानाकडे वळले, आणि इथे मला माझीच टीका आडवी आली. कार्बाजाल यांचंच २००३ चं 'बीएमजे'तलं ट्रायल आहे. पूर्ण दिवसांची १८० बाळं, शिरेतून रक्त काढताना आई अंगावर पाजते आहे, किंवा नुसतं कुशीत घेतलंय, किंवा पाणी दिलंय, किंवा ग्लुकोज आणि चोखणी. पाजलेल्या आणि ग्लुकोज-चोखणीच्या गटांचे वेदनेचे गुण सगळ्यात कमी. छान. पण मोजपट्टी पुन्हा चेहरा, हातपाय आणि आवाजाचीच. बाळाचं तोंड आईच्या छातीशी आहे, अर्धा चेहरा झाकलेला आहे, रडायला तोंड मोकळं नाही. आणि कोण पाजतंय हे मोजणाऱ्यापासून लपवणार कसं? सुक्रोजला लावलेला न्याय मला आवडणाऱ्या उपायालाही लावावाच लागतो. लावला, आणि तो तितकाच लंगडा निघाला. तरी मी तोच उपाय निवडते. वेदना जाते असं मी सिद्ध करू शकत नाही, पण ज्या बाळाला दूध ओढता येतं आणि आई जवळ आहे त्याच्या बाबतीत यात तोटा काही नाही, आणि माझी आईसुद्धा मला तेच करायला सांगेल.

ज्यावर मोजपट्टीचं भांडणच नाही असा उपाय एकच आहे, कमी टोचणं. कावीळ पाहायला आधी कातडीवर टेकवायचं यंत्र वापरलं तर बरीच रक्तं वाचतात. दोन तपासण्या एका टोचण्यात होत असतील तर तशा लिहायच्या. पूर्ण दिवसांच्या बाळात, सराव असलेल्या हाताने शिरेतून रक्त काढणं टाचेपेक्षा कमी त्रासाचं ठरतं. यावर प्रबंध फारसे होत नाहीत, कारण यात बाटलीत भरता येईल असं काही नाही. माझ्या वाचनात या क्षेत्राची सगळ्यात मोठी उणीव ही आहे : टोचल्यावर काय द्यायचं यावर आपण शंभरावर ट्रायल्स केल्या, पण टोचायलाच हवं होतं का हे विचारणाऱ्या त्या मानाने किती थोड्या.

सायनॉप्सिसमधलं वाक्य मी बदललंय. आता कंट्रोल गटालाही सुक्रोज आहे, आणि दुसऱ्या गटाला स्तनपान. पीआयपीपीचे गुण एकूण बेरीज म्हणून न देता चेहऱ्याचे वेगळे आणि हृदयाचे ठोके-ऑक्सिजनचे वेगळे मांडणार आहे. शिवाय प्रत्येक बाळाला दिवसभरात किती वेळा टोचलं, याचा एक रकाना सिस्टरांच्या सांगण्यावरून घातलाय. दोन्ही गटांना काहीतरी मिळणार असल्यामुळे फरक लहान अपेक्षित आहे, त्यामुळे सॅम्पल साइज पहिल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट येतोय. हे गाईडना अजून सांगितलेलं नाही. सोमवारी सांगेन.